पाचवं नाव

वेंगुर्ल्यात बंदराकडे उतरताना
बर्फाच्या कारखान्याला लागून माझं दुकान.
पाटी नाही. पेट्या आहेत:
भाता फाटलेली, पट्टी बसलेली,
आणि खाऱ्या वाऱ्यानं जिचे सूर हिरवे पडलेत
अशा बाकी सगळ्या.

मार्गशीर्षात, दर्यासूर पुरस्कारांची
नामांकनं जाहीर व्हायच्या आधी
माणसं काम नसताना येतात.
बर्फवाला शांताराम, रिक्षावाला इनास,
पतपेढीतले रेडकर, जे गाणं ऐकत नाहीत
पण आकडे जपतात.
“मेस्त्र्यानू, यंदा कोणाची नावां?”
रेडकर तोवर वही उघडतात:
कोणाला मोबाइलवर किती लाखांनी पाहिलं,
परीक्षकांत कोणाचा मेहुणा.

मी वही बघत नाही.
मी पेट्या उघडतो.

गजाबुवा तुळसकरांच्या काळी चारला
बोटाच्या पेराएवढी गुळगुळीत खोबण.
नव्वद बाऱ्या तरी झाल्या वर्षात. नाव येणार.
परुळ्याच्या हेमंत प्रभूच्या पेटीवर ओरखडा नाही,
पण तीन प्रायोजकांचे स्टिकर आहेत. तोही येणार.
शिरोड्याच्या कीर्ती आरावकरच्या भात्यातून
अत्तर येतं, आणि सोबत निरोप,
‘सूर जरा चढे ठेवा, हॉलमध्ये ए.सी. असतो.’
जिला हॉलची हवा आधीच ठाऊक,
तिला कोण अडवणार?
उभादांड्याच्या ऑगस्तीन लोबोनं
यंदा दुरुस्तीला काहीच पाठवलं नाही.
म्हणजे नवी घेतली. म्हणजे पैसे आले.
म्हणजे कुणीतरी मोठ्यानं ऐकलंय.

ही चार लिहिताना हात थांबत नाही.
पाचव्याला पेन झटकावं लागतं.

तेरा वर्षं चार बरोबर आली,
एक चुकलं. दर वर्षी एकच.
रेडकरांनी टक्केवारी काढून ठेवलीय: ऐंशी.
शांताराम म्हणतो, “तेवढा एक काय तुमका जमणा नाय.”
मी हसतो, भात्याला सरस लावतो.
त्यांना कसं सांगू,
चार मी ओळखतो,
पाचवं मी मागतो.

यंदा मागितलं
नवाबागेच्या द्वारका गिरपचं.
तिची पेटी मासळीच्या क्रेटमधून आली,
तिसऱ्या पांढरीखाली बांगड्याचं एक खवलं,
अजून चमकत होतं.
आणि झीज कुठं? खर्जातल्या पंचमावर,
जिथं बुवालोक सहसा उतरत नाहीत.
एवढ्या खाली जाऊन
कोणाशी बोलते ही?
घ्यायला आली तेव्हा गायली नाही.
भिंतीपलीकडे बर्फाचं यंत्र घुमत होतं,
त्या घुमण्यातून षड्ज उचलला
आणि ओठ मिटूनच जराशी गुणगुणली,
कोयता धार आहे का बघावा तशी.
“तार सुराक एक पट्टी कुरकुरता,” म्हणाली.
कुरकुरत होती. मला ऐकू आली नव्हती.
दोन दिवस ठेवून घेतली पेटी.

तिनं अर्ज भरलेला नाही.
पंधराशे रुपये शुल्क असतं, हेही तिला माहीत नसावं.

बुधवारी पाचला नावं आली.
माझी चार. पाचवा मुंबईचा कोणी,
ज्याची पेटी माझ्या हाताखालून कधी गेली नाही.
“ऐंशी,” रेडकर म्हणाले, आणि वही मिटली.
इनासनं माझ्या चिठ्ठीवरचं शेवटचं नाव
दोनदा वाचलं. “ही कोण?”
“गिऱ्हाईक.”

तेवढ्यात तीच आली.
“तीनशे? परवा तर अडीचशे सांगलात!”
दोनशे दिले, वर कागदात सुके बांगडे,
आणि चुंबळ करून पेटी डोक्यावर घेतली.
भात्याची कडी लावायची राहिली,
हाक मारायला तोंड उघडलं मी,
पण ती उतारावरून निघाली होती
आणि प्रत्येक पावलाला
पेटी थोडा थोडा
श्वास घेत होती.